सेकंडहँड सायकल घ्यावी की नवीच? (विक्रोळी ते पवई, रोजच्या वापरासाठी)

शेवंती

नमस्कार मंडळी. राहायला कन्नमवार नगर, ऑफिस पवईला हिरानंदानीत. सध्या रिक्षा, नाहीतर बस. दोन्हींचं गांधीनगरच्या सिग्नलला काय होतं ते तिकडून जाणाऱ्यांना सांगायला नको, त्यात वर मेट्रोचं काम. विक्रोळीचा पूल सुरू झाल्यापासून पूर्वेकडून एलबीएस रोडवर येणं सोपं झालंय आणि तेव्हापासून सायकलचं डोक्यात आहे. एका बाजूचं अंतर सहा-सात किलोमीटर.

बजेट पंधरा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. भांडुपला एक जाहिरात बघितली : हायब्रीड सायकल (रोड सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली), २१ गेअर, "लॉकडाऊनमध्ये घेतलेली, फारशी वापरलेली नाही", नवी १८ हजारांना घेतली होती म्हणे, आता ८५०० सांगतायत. फोटोत तरी चकाचक दिसतेय.

नवरा म्हणतो नवी घे, दुसऱ्याचं दुखणं घरात नको. सासूबाई म्हणतात पावसाळा लागला की खुंटीला लागणार, मग जुनीच बरी. दोघांचंही पटतं, म्हणून इथे आले. बिल्डिंग जुनी म्हाडाची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली जिन्याखाली जागा आहे, पण पाऊस आत येतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा. लेकालाही (वय सात) सायकल हवी आहे, त्याचंही जमलं तर सांगा.

सुकाबोंबील

नवी घ्या. विषय संपला. पुढचे प्रतिसाद वाचायला पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चष्मिष

चोरबाजारात एक चक्कर मारा की. दोन-तीन हजारांत गेअरची मिळते असं ऐकलंय.

कोकणकडा

चष्मिष, दोन-तीन हजारांत गेअरची सायकल कुठून येते याचाही विचार करावा. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ४११ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१७ आहे. "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय असते, पण किंमतच एवढी कमी असेल की कोणालाही शंका यावी, तर ते म्हणणं पोलिसांना पटवताना नाकी नऊ येतात. बाजार कुठलाही असो, बिल बघायचंच. बिल नसेल तर निदान विकणाऱ्याकडून तारीख, किंमत आणि फ्रेम नंबर घालून सहीनिशी चिठ्ठी घ्या. नंबर सहसा खाली, दोन्ही पायडल जिथे जोडलेले असतात त्या नळीच्या बुडाशी ठोकलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही, आणि तो घासून काढलेला दिसला तर तिथूनच नमस्कार करून परत फिरायचं.

शेवंतीताई, किमतीबद्दल एक. "१८ हजारांना घेतली होती" हे वाक्य मनावर घेऊ नका. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे तेव्हाच्या १८ हजारांतले अकराशेच्या आसपास रुपये नुसत्या करातच कमी झाले. तुलना करायची तर आज तशीच नवी कितीला मिळते त्याच्याशी करा, त्यांच्या जुन्या बिलाशी नको.

टायरट्यूब

जुन्याला उगाच नावं ठेवू नका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्ख्या देशाने सायकली घेतल्या. जिम बंद, रस्ते रिकामे. पुढे रस्ते भरले आणि सायकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या राहिल्या. त्या आता निघतायत. चाललेल्या खरंच कमी असतात. पण कमी चाललेली सायकल म्हणजे चांगली सायकल, हे मुंबईत खरं नाही. इथल्या खाऱ्या दमट हवेत उभी सायकल चालत्या सायकलपेक्षा लवकर मरते.

बघायला जाल तेव्हा सोबत ॲलन की (षटकोनी पाना), एक फूटपट्टी आणि हवा भरायचा पंप न्या. मग या क्रमाने :

सगळ्यात आधी सीट. सीटचा नट ढिला करा आणि सीट डावी-उजवीकडे फिरवून वर-खाली करा. सरकत नसेल तर पुढचं काहीही न बघता घरी या. सीटची दांडी ॲल्युमिनियमची आणि फ्रेम लोखंडी असेल, आणि मध्ये ग्रीस नसेल, तर चार पावसाळ्यांत दोन्ही धातू एकमेकांना असे चिकटतात की मेकॅनिक शेवटी दांडी कापून काढतो. फ्रेम ॲल्युमिनियमची असली तरी जाम होतंच. (फ्रेम कशाची आहे ते कळायला फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात टाका. चिकटला तर लोखंड.)

मग फ्रेम. हँडलच्या खाली जी जाड नळी तिरकी पायडलकडे येते, तिच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती, बारीक चीर किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून कशावर तरी आपटलेली आहे. वरून पुसून चकाचक करता येतं, खाली कोणी बघत नाही. जोडाच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी भेग दिसली तरी नको.

चेन. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचांवर यायला हवी. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायची. आठवा भाग पुढे गेली असेल तर चेनने मागची फ्रीव्हीलही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) खाल्लेली असते, दोन्हीचा खर्च धरा. नुसती गंजलेली असेल तर घासाघीस करायला तेवढाच मुद्दा.

चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे डोळा लावून बघा. रिम डावी-उजवीकडे एक-दोन मिलिमीटर लहरत असेल तर आउट काढून (आरे ताणून चाक सरळ करून) मिळतो, शंभर-दीडशेचं काम. पण चाक वर-खाली उड्या मारत असेल तर रिम खड्ड्यात बसलेली आहे, तिचं काही होत नाही. आपल्या शहरात खड्डे कुठे असतात हे विचारू नका.

टायर हवा न भरता उभे राहिले असतील तर कडेला बारीक भेगा पडतात. नक्षी नवी दिसते आणि टायर मेलेला असतो. म्हणूनच पंप : पूर्ण हवा भरा, दहा मिनिटं गप्पा मारा, मग बघा.

शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, हँडलपाशी खटखट नको. पायडलचा आडवा दांडा हातात धरून आत-बाहेर ओढा, तिथेही खटखट नको. असली तर बॉल-कप बदलावे लागतील. फार खर्च नाही, पण धरायला हवा.

हिशोब : जुन्या सायकलची किंमत अधिक चेन, फ्रीव्हील, दोन टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल, ओव्हरहॉलिंग. चांगल्या हायब्रीडला हे सगळं मिळून तीन-चार हजार सहज लागतात. तेव्हा ८५०० ची सायकल साडेबाराला पडते. त्या भावात मी घेणार नाही. पाच-साडेपाचला दिली तर घेईन.

सुकाबोंबील

म्हणजे चुंबक, पंप, फूटपट्टी घेऊन भांडुपला जायचं, अनोळखी माणसाच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी करायची, आणि वाचवायचे किती तर तीन हजार. मी म्हटलं तेच : नवी घ्या.

टायरट्यूब

नवी काय आकाशातून पडते? नवी सायकल दुकानात अर्धवट जोडलेली खोक्यातून येते. ती जोडणारा पोरगा घाईत असेल तर बेअरिंगला ग्रीस कमी, आरे ढिले, गेअर अंदाजपंचे. माझ्या ओळखीच्यांच्या नव्याकोऱ्या सायकलचं पायडल आठवड्यात हातात आलं, नीट घट्टच केलेलं नव्हतं. दुकानाने आधी हात वर केले, मग मुकाट्याने क्रँक (पायडलचा दांडा) बदलून दिला. नव्यात फायदा एवढाच की भांडायला समोर कोणीतरी असतं.

सुकाबोंबील

तोच तर फायदा आहे.

कोकणकडा

दोघांचंही मान्य. एक भर : बऱ्याच मोठ्या कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. विकणारा "लाइफटाइम वॉरंटी आहे" म्हणाला तर ते त्याचं लाइफटाइम, तुमचं नव्हे.

गिरगावकर आजोबा

एकदा काळबादेवीला येऊन जा. सायकलवाल्यांची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. नवी सायकल, सुटे भाग, सगळं ओळीने मिळतं. शनिवारी सकाळी लवकर ये, दुपारनंतर हातगाड्यांत माणूसही शिरत नाही.

माझ्याकडे अजून ॲटलस आहे, दांडीची, काळी. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. पण माझं काही अडलं नाही. त्या धाटणीच्या सायकलचा प्रत्येक भाग लुधियानाहून आजही येतो : कॉटर पिन, रिम, ब्रेकच्या सळया, काय हवं ते. डबेवाले आजही तसलीच चालवतात ते उगाच नाही. तुमच्या गेअरवाल्यांच्या सायकली फॅशन बदलली की पोरक्या होतात. जुनी घेणाऱ्याने आधी विचारावं, हिचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल का. मिळत नसेल तर फुकटसुद्धा नको.

टायरट्यूब

आजोबा, दंडवत. शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. त्यालाच जोडून : टायरच्या कडेवर दोन आकडे असतात, उदा. ३८-६२२. त्यातला दुसरा महत्त्वाचा. ६२२ म्हणजे हायब्रीडची ७०० आणि डोंगरी सायकलची २९ इंची, रिम एकच. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची. हे दोन्ही सगळीकडे मिळतात. आजोबांची २८ इंची ६३५ असते, तीही मिळते. पण तिचा टायर ७०० च्या रिमवर बसत नाही, दुकानदार "अठ्ठावीसच आहे, चालेल" म्हणाला तरी. याखेरीज वेगळाच आकडा दिसला तर आधी टायर शोधा, मग सायकल घ्या.

ॲटलसबद्दल मात्र : ती वीस किलोच्या वर भरते आणि ताई तिसऱ्या मजल्यावर राहतात.

चष्मिष

मी फक्त ऐकलं होतं हो चोरबाजाराचं. एवढं अंगावर येऊ नका. :)

रानजाई

सगळे पुरुष चेन मोजतायत, पण ताईंना कोणी विचारलं का की उंची किती आणि ऑफिसला काय घालून जातात?

शेवंती, हे आधी बघ. जाहिरातीतल्या बहुतेक हायब्रीड पुरुषांनी स्वतःच्या मापाने घेतलेल्या असतात, १८-१९ इंचांची फ्रेम. पाच फूट दोन इंचांच्या बाईला त्या चालवता येतात, उतरता येत नाहीत. सिग्नलला सीटवरून पुढे उतरलीस की आडवी नळी कुठे लागते ते सांगायला नको. आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये उतरणं हेच मुख्य काम आहे. नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभं राहता आलं पाहिजे आणि मध्ये निदान दोन बोटं जागा उरली पाहिजे. सीट खाली घेऊन हे साधत नाही, नळी कुठे खाली येते?

दुसरं, ओढणी आणि सलवार. हायब्रीडला चेनकव्हर नसतं. पुढच्या दातेरी चाकात सलवारचा काठ गेला की आधी ग्रीस लागतं, मग कापड फाटतं, आणि नशीब वाईट असेल तर तू भर जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) आडवी. ऑफिसला पँट घालत असशील तर पायाला पट्टी बांधून भागतं. मी कुर्ता-सलवारवाली आहे, म्हणून बिनदांडीची, चेनकव्हरवाली घेतली. मडगार्ड आणि कॅरिअरही लागतात. डबा, लॅपटॉप, रेनकोट पाठीवर घेऊन दोन दिवस चालव, तिसऱ्या दिवशी कॅरिअर आठवतं. हे सगळं जुन्या हायब्रीडला वेगळं बसवायचं म्हणजे आणखी पैसे.

शेवंती

रानजाई, बरोबर बोललीस. पाच-एक, आणि सलवारच. हे डोक्यातच नव्हतं, मी नुसती गेअर मोजत बसले होते. २१ गेअर लागतात का खरंच?

कोकणकडा

नाही. गांधीनगरपासून आयआयटीकडे रस्ता चढतो, तेवढ्यापुरते गेअर हवेत. बाकी सपाट. मागे सहा-सात गेअर, पुढे पायडलपाशी एकच दातेरी चाक, एवढं खूप झालं. पुढे तीन दातेरी चाकं म्हणजे आणखी एक डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग), आणखी एक केबल आणि पावसाळ्यात आणखी एक दुखणं. पुढचे झटके घेणारे सस्पेन्शन फोर्कही स्वस्त सायकलला नकोत, नुसतं वजन. आणि हौसेने लांब जायचं म्हणाल तर सी लिंकवर सायकलला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. २१ गेअर टाकून जाणार कुठे?

सवय राहील की नाही ही शंका असेल तर एका रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात भाड्याची सायकल घेऊन कान्हेरीपर्यंत जाऊन या. तो चढ तुमच्या रोजच्या चढापेक्षा वाईट आहे. तिथून हसत परत आलात तर पवई काहीच नाही. सासूबाईंनाही उत्तर मिळेल.

सुकाबोंबील

किंवा सासूबाईंनाच कान्हेरीला न्या.

रानजाई

:)) लेकाचं राहिलंच. सात वर्षांच्याला २० इंची चाकांची. ती डोळे झाकून जुनी घे. म्हणजे झाकून नको, ब्रेक बघून. पोरं दोन-तीन वर्षांत उंच होतात, प्रत्येक सोसायटीत एक तरी पडून असते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक, लोक जागा मोकळी होते म्हणून देऊनही टाकतात. फक्त "पुढे वापरेल" म्हणून २४ इंची घेऊ नकोस. मोठ्या सायकलवर पोर पाय टेकवू शकत नाही, मग घाबरतं आणि सोडून देतं.

शेवंती

मंडळी, भांडुपला जाऊन आले. नवऱ्याला बरोबर घेतलं, चुंबकही घेतला (नवऱ्याला दोन्हींचं कारण समजलं नाही).

माणूस सज्जन होता. बिल काढून दिलं, फ्रेम नंबर जुळला. चुंबक चिकटला नाही, म्हणजे ॲल्युमिनियम. चेन सोळाव्या भागाच्या आत, म्हणजे खरंच फारशी चाललेली नाही. पण सीट हलेना. त्यांनी स्वतः जोर लावला, नवऱ्याने लावला, शेवटी वॉचमननेही हात मारून बघितला. फ्रेमवरचा स्टिकर १९ इंच. नळीवर उभी राहिले तर टाचा उचलूनही जेमतेम. हवा भरल्यावर मागच्या टायरच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या.

ते सात हजारांपर्यंत उतरले. मी "कळवते" म्हणून निघाले. सात सोडा, चारला दिली असती तरी माझ्या मापाची ती नव्हतीच.

आता काळबादेवीला जायचं ठरतंय. आजोबा, नव्या बिनदांडीचे तिथे भाव काय असावेत?

गिरगावकर आजोबा

भाव मी सांगितला तर दुकानदार मला सांगेल. तीन दुकानांत विचार, तिसऱ्याला दुसऱ्याचा आकडा सांग. गेअर नको असेल तर तुझ्या बजेटच्या निम्म्या-पाऊण भागात काम होईल, सात गेअरची असेल तर बजेटच्या जवळपास जाशील. कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप याचे वेगळे पैसे मागतात, ते आधीच त्यात धरून बोल. आणि जोडून देताना समोर उभी राहा. चहा प्यायला जाऊ नकोस.

टायरट्यूब

+१ समोर उभं राहण्याला. आणि पहिल्या महिनाभरात परत नेऊन सगळं घट्ट करून घ्या. नव्या केबल ताणतात, आरे बसतात. बरीच दुकानं ही पहिली सर्व्हिसिंग फुकट करतात, बिलावर लिहून घ्या.

माझं मत बदललेलं नाही. मापाची जुनी सापडली असती तर जुनीच घ्या म्हटलं असतं. पण पाच फूट एक इंचाला साजेशी, चेनकव्हरवाली, बिलासकट जुनी मिळायला थांबायचं तर पुढचा पावसाळा येईल.

शेवंती

घेतली. नवी. बिनदांडीची, मागे सात गेअर, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, कुलूप सगळं धरून बजेटमध्ये बसली, शंभरेक रुपये उरले त्याचा काळबादेवीलाच नाश्ता झाला. डिस्क ब्रेकवाली दाखवत होते, साधे रबराचे घेतले, कोपऱ्यावरचा मेकॅनिक ते डोळे मिटून लावतो म्हणाला.

एक अडचण कोणी सांगितली नव्हती : बिनदांडीची सायकल खांद्यावर अडकवता येत नाही, कारण अडकवायला दांडीच नाही. तीन मजले एका हाताने कॅरिअर, दुसऱ्याने हँडल. तेव्हा जिन्याखालीच ठेवतेय, कव्हर घालून, आणि चेनला दर आठवड्याला तेल.

लेकाची २० इंची शेजारच्या बिल्डिंगमधून मिळाली. पैसे घेईनात, शेवटी पोळ्यांचा डबा पाठवला. ब्रेकचे रबर बदलले फक्त.

सुकाबोंबील

नवी घ्या हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं याची नोंद घ्यावी.

चष्मिष

शेवंतीताई, अभिनंदन. ती भांडुपची अजून आहे का? माझी उंची पाच-अकरा. त्यांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल?

शेवंती

व्यनि केला. त्यांना सांगून ठेवलंय की एक जण बघायला येतील. चारच्या वर जाऊ नका, आणि निघण्याआधी टायरट्यूब यांना विचारा ॲल्युमिनियमच्या फ्रेममधली जाम सीट कशी काढतात.

टायरट्यूब

गंज सुटायचा स्प्रे दांडीच्या फटीत मारून रात्रभर ठेवायचा, मग सीट काढून दांडी टेबलाला पक्क्या बसवलेल्या शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरायची आणि फ्रेम फिरवायची, दांडी नाही. निघेलच अशी खात्री नाही. तुम्हाला सीट आहे त्या उंचीवर बसत असेल तर काढूच नका, पाचशे आणखी कमी करून घ्या.